दावं नको, शिकवलेला डॉक्टर द्या!

श्रीपूर-महाळुंगच्या बंधू-भगिनींनो,

रात्री छातीत कळ आली की आपण १०८ फिरवतो. पण घरातला तरणा पोरगा चार रात्री झोपला नाही, 'मला मारायला आलेत' म्हणत विळा घेऊन कोपऱ्यात बसला, तर? शेजारी आधी 'बाहेरचं' म्हणतात. मग चौघं मिळून गोठ्यातल्या दाव्यानं त्याचे हात बांधतात आणि कुणाची तरी जीप काढतात. दवाखान्याच्या दारातच ऐकायला मिळतं, 'पुढं हलवा.' पुढं म्हणजे कुठं? सोलापूरचं सिव्हिल शंभरएक किलोमीटर, येरवड्याचं मनोरुग्णालय दीडशेच्या वर. भाड्याला पैसे असलेला पुण्याला खासगीत पोचतो. हंगामाला आलेल्या ऊसतोड्याचं माणूस कोपीच्या मेढीला बांधलेलं राहतं.

हा सरळ कायदेभंग आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ काढून वाचा. कलम २१ म्हणतं, शरीराच्या आजाराला जशी ॲम्ब्युलन्स मिळते तशीच मनाच्या आजारालाही मिळाली पाहिजे. कलम ९५ नं साखळदंडाला बंदी घातली आहे. जिवाला धोका असेल तर कलम ९४ प्रमाणे कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, दवाखान्यात किंवा रुग्णाच्या घरीसुद्धा, ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञाची पदवी लागत नाही. आणि कलम ३१ सरकारला बजावतं की सरकारी दवाखान्यांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजाराच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचं शिक्षण द्या. 'सगळ्या' हा शब्द कायद्यातलाच आहे.

'तज्ज्ञच मिळत नाहीत, काय करणार?' हे उत्तर आम्हाला तोंडपाठ झालंय. तज्ज्ञ कमी आहेत, खरंच आहे. म्हणूनच तर आहेत त्या डॉक्टरांना शिकवायचं. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बळ्ळारी जिल्ह्यात, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं १९८० च्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि कर्मचारी शिकवून दाखवले. त्याच धर्तीवर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपाय दाखवला, तेव्हा कोकणातल्या विंचू चावलेल्या माणसाला वाचवायला मुंबईचा हृदयरोगतज्ज्ञ यावा लागला नाही. खवळलेल्या रुग्णाला शांत करणारी हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही इंजेक्शनं जुनी आहेत, स्वस्त आहेत. ती कधी द्यायची, किती द्यायची, नंतर काय बघायचं, एवढं शिकवायला परदेशातून कुणी आणायला नको.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरवर आमचा राग नाही. एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपरच नसतो. तो बिचारा घाबरतो आणि 'रेफर' लिहून मोकळा होतो. न घाबरता काम करता येईल असं त्याला घडवणं हे वरच्यांचं काम होतं.

दुसरी गोष्ट विषाची. तणनाशक प्यालेल्या माणसाचं पोट धुतात, सलाईन लावतात, पोलिसांत नोंद होते. वाचला तर घरी. 'परत असं मनात येतंय का?' हे त्याला कोण विचारतं? कलम ११५ नुसार तो तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं असतं, आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. तिथं वॉर्डातच टोमणे ऐकायला मिळत असतील, तर तो दुसऱ्यांदा दवाखान्यात येईल कशाला?

१४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर भिंतीवर लिहून ठेवा. चांगली सोय आहे, जरूर वापरा. पण फोनमधून इंजेक्शन देता येत नाही.

तेव्हा नुसती निवेदनं पुरे झाली, आता लेखी उत्तर मागू. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक, दोघांकडंही माहिती अधिकाराचा अर्ज टाका. माळशिरस तालुक्यातल्या किती वैद्यकीय अधिकाऱ्यांना कलम ३१ मधलं प्रशिक्षण मिळालं, कोणत्या तारखांना, किती दिवसांचं? वरची दोन इंजेक्शनं आज कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहेत? उत्तराला मुदत ३० दिवसांची. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही.

आपले,
श्रीपूर परिसरातील रुग्णांचे नातेवाईक