सोमवार कोणाच्या मालकीचा?

शब्दांच्या कुंडल्या मांडून माणसांचा धर्म ठरवण्याचा उद्योग सध्या जोरात आहे. पनवेल लोकलचा डबा असो की नेरूळ-खारघरच्या सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप गट, हा उद्योग चालवणारे तीन प्रकारचे लोक हमखास भेटतात. पहिला अभिमानी. त्याच्या मते वार आमच्या ऋषींनी जगाला दिले, म्हणून ‘सोमवार’ म्हणणारा प्रत्येक जण, तो कोणत्याही धर्माचा असो, आमचे देणे लागतो. दुसरा सोवळा. त्याला वारांच्या नावांत परक्या देवता दिसतात, ‘राम राम’मध्ये दुसऱ्याची पूजा दिसते, ‘बिस्मिल्ला’त आक्रमण दिसते, भाषा धुऊन घेतल्याशिवाय त्याला चैन नाही. हा सोवळा सर्व धर्मांत सापडतो. तिसरा तर्कटी. एखादा नास्तिक सहज ‘देव जाणे’ म्हणाला की हा टाळी देतो : पाहा, सापडलात!

या तिघांचे एकमेकांशी पटत नाही, पण तिघांचे गृहीतक एकच आहे : शब्द ज्या धर्माच्या घरी जन्मला, त्या धर्माची मालकी त्याच्यावर कायम राहते. ते गृहीतकच खोटे आहे.

आधी अभिमानी. वेदांत ऋतू आहेत, महिने आहेत, नक्षत्रे आहेत. सात ग्रहांच्या नावांचे वार नाहीत. हे कोणा परदेशी पंडिताचे कारस्थान नव्हे. मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न कसून तपासला आहे. आपल्याकडे शिलालेखात वाराचा जो जुना निःसंदिग्ध उल्लेख सापडतो, तो मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावरचा : बुधगुप्ताचा काळ, इसवी सन ४८४, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. आणि तिकडे इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या भिंतीवर शनीपासून सुरू होणारी देवांच्या दिवसांची यादी कोणीतरी खरडून ठेवली आहे. चारशे वर्षांचे हे अंतर अभिमानाने भरून निघत नाही.

वारांचा क्रम असाच का, याचे उत्तरही वेदांत नसून होऱ्यात, म्हणजे तासांच्या हिशेबात आहे. पृथ्वी मध्यभागी धरून, सर्वांत मंद ग्रहापासून सर्वांत जलद ग्रहापर्यंत ओळ लावा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा प्रत्येक तास या क्रमाने एकेका ग्रहाला द्या. चोवीसला साताने भागले की तीन उरतात. म्हणून शनीच्या दिवसानंतर पहिला तास चौथ्या ग्रहाकडे, म्हणजे रवीकडे जातो, मग चंद्राकडे, मग मंगळाकडे. पहिल्या तासाचा धनी तो दिवसाचा धनी. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस हाच नियम सांगितला आहे. ‘होरा’ हा शब्द ग्रीकांकडून आला. ‘अहोरात्र’ शब्दाचे पहिले-शेवटचे अक्षर गाळून तो झाला, असे मानणाऱ्यांचे मत वराहमिहिराने नोंदवले आहे, म्हणजे स्वदेशी व्युत्पत्तीची हौस तेव्हाही होती. पण त्याच वराहमिहिराने ज्योतिष जाणणाऱ्या यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, गौरव करायला मागेपुढे पाहिले नाही. यवनांशी देवघेव आपल्या मुलखाला नवी नव्हतीच. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब यवनांच्या दानाचे आहेत आणि तसे त्यांवर कोरलेले आहे.

म्हणून वार ग्रीकांच्या मालकीचे झाले काय? तेही नाही. ग्रहांवर पाळत ठेवली बाबिलोनच्या लोकांनी, दिवसाचे चोवीस भाग केले इजिप्तने, गणित जुळवले ग्रीकांनी, पंचांगात बसवले आपण. उद्या एखादा ग्रीक अभिमानी उभा राहिला, तर त्यालाही हेच उत्तर द्यावे लागेल.

श्रद्धाळू माणूस तरी नावातल्या देवाला कुठे विचारतो? शनिवार नावाने शनीचा, पण रांग लागते मारुतीपुढे. मंगळवार मंगळाचा, पूजा गणपतीची. सोमवार चंद्राचा, बेल वाहायचा महादेवाला. रविवार सूर्याचा, भंडारा उधळायचा खंडोबाचा. गुरुवारी दत्ताच्या देवळात आरती चालते आणि त्याच संध्याकाळी दर्ग्यावर चादर चढते. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला येणाऱ्यांत हिंदूही असतात, मुसलमानही; बुधाचे नाव तिथे कोणाच्या मनातही नसते. वाराच्या नावात पूजा दडलेली असती, तर सर्वांत आधी भाविकांनीच ती चुकवली असे म्हणावे लागले असते.

आता सोवळा. त्याचे काम जगात अनेकांनी करून पाहिले आहे. इंग्लंडच्या क्वेकर पंथाने रविवार-सोमवार टाकून ‘पहिला दिवस, दुसरा दिवस’ सुरू केले. बाकीचे इंग्रज ‘थॉर’ या देवाच्या नावाचा गुरुवार म्हणतच राहिले आणि चर्चलाही जात राहिले. फ्रेंच राज्यक्रांतिकारकांनी १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा काढला. १८०६ च्या पहिल्या दिवशी जुनी दिनदर्शिका परत आली. सोव्हिएत सरकारने १९२९ मध्ये आधी पाच आणि मग सहा दिवसांचे चक्र लादले. १९४० मध्ये सात दिवस परतले. धर्म पुसण्यासाठी आठवडा मोडणारे हरले आणि धर्म राखण्यासाठी नावे बदलणारेही फारसे जिंकले नाहीत.

त्यांत सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारचे, गोव्याचे. पोर्तुगीज भाषा या बाबतीत पक्की सोवळी. सहाव्या शतकात ब्रागाच्या बिशप मार्टिनने मूर्तिपूजकांच्या देवांची नावे वारांना नकोत असे बजावले होते आणि आजही पोर्तुगीजांत सोमवार ते शुक्रवार हे नुसते दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे क्रमांक आहेत. ही भाषा घेऊन पोर्तुगीज गोव्यात आले, १५६० मध्ये धर्मन्यायपीठ बसवले, १७३६ च्या फर्मानात अंगणातल्या तुळशीपर्यंत आणि कमरेच्या धोतरापर्यंत बंदी पोचवली. एवढे होऊनही गोव्याचा ख्रिस्ती माणूस आजतागायत आयतार, सोमार, मंगळार, बिरेस्तार म्हणतो. आयतारात आदित्य आहे, बिरेस्तारात बृहस्पती आहे. आणि तो आयताराला मिसला जातो. त्याच्या श्रद्धेला त्या नावांनी ओरखडाही काढला नाही.

उर्दूत रविवारला ‘इतवार’ म्हणतात, तोही आदित्यवारच. ‘मंगल’ आणि ‘बुध’ उर्दूत जसेच्या तसे आहेत, कराचीतही आहेत. उलट बाजूने पाहा : पेशव्यांच्या दफ्तरातल्या असंख्य पत्रांवर ‘छ’ या खुणेपुढे मोहरम, सफर, रमजान असे हिजरी महिने आहेत. स्नानसंध्या करणारे कारकून ते रोज लिहीत होते आणि त्यामुळे कोणाचे सोवळे मोडले नाही. पुण्यात औरंगजेबाच्या काळातला मुहियाबाद पुढे बुधवार पेठ झाला. या बदलाला कोणी शुद्धीकरण म्हणत असेल, तर शुद्ध म्हणून आलेल्या नावामागे बाबिलोन, इजिप्त आणि ग्रीस उभे आहेत, हे त्याने लक्षात घ्यावे. सावरकरांच्या भाषाशुद्धीने ‘तारखे’ऐवजी ‘दिनांक’ आणला. त्या दिनांकापुढे लिहिला जाणारा वार मात्र यवनांच्या होऱ्यावरच राहिला.

राहिला तर्कटी. त्याचा डाव सोपा : बोललास म्हणजे मानलेस. या न्यायाने ‘साडेसाती लागली’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला पत्रिका पाहावी लागेल. एका राशीत अडीच वर्षे या हिशेबाने तीन राशींतला शनीचा मुक्काम म्हणजे साडेसात वर्षे, हे ती ओढून घेणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊकही नसते. कामाचा ‘ओनामा’ करणारा जैनांच्या सिद्धवंदनेशी जोडलेला ‘ओम नमः सिद्धम्’ उच्चारतो, ‘श्रीगणेशा’ करणारा गणपतीला बोलावतो, ‘बिस्मिल्ला’ करणारा अल्लाचे नाव घेतो. तिघांचे काम मात्र एकच, सुरुवात. देवघरात जन्मभर समई लावलेली आजी ‘तिच्या हाताला बरकत आहे’ म्हणते, ‘नशीब माझं’ म्हणून कपाळाला हात लावते, ‘हरामाचा पैसा नको’ असे नातवाला बजावते. हे तिन्ही शब्द अरबीतून आलेले आहेत. आजीचे धर्मांतर झाले, असे कोणी म्हणेल काय? मग नास्तिकाच्या ‘देव जाणे’वर टाळी कशाची? तो ‘मला माहीत नाही’ एवढेच सांगत असतो.

खंडन इतके पुरे. आता माझे म्हणणे.

नाव आणि व्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव सर्वांचे असते, व्रत ज्याचे त्याचे. धर्म शोधायचा असेल तर तो नावात शोधू नये, पाळण्यात शोधावा. याचा चोख दाखला नवी मुंबईच्या अंगणातच आहे. अलिबाग, पेण, पनवेलच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायल समाजाला गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंनी शनीचे नाव असलेला शब्द बिनदिक्कत वापरला आणि त्या दिवशीचा विसावा मात्र कडक पाळला. शेजाऱ्यांनीही त्यांना ओळखले ते त्यांच्या पाळण्यावरून.

दुसरे, आठवड्याला आकाशात आधारच नाही. दिवस सूर्य ठरवतो, महिना चंद्र ठरवतो, वर्ष ऋतू ठरवतात. सात दिवस माणसांनी आपसांत ठरवले. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. उधाण पुनवेला आणि अवसेला, भांग अष्टमीच्या आगेमागे. होडी कधी काढायची ते तिथीवर. पण मासळी किती विकली जाणार ते वारावर : सोमवार, गुरुवार, शनिवार मंदा, बुधवार, शुक्रवार, रविवार तेजीत, आणि मार्गशीर्षातले गुरुवार तर विचारूच नका. समुद्र तिथीवर चालतो, गिऱ्हाईक वारावर. वार हा माणसांमधला करार आहे आणि करार सर्वांचा असेल तरच चालतो.

हा करार किती कामाचा असतो ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी दाखवले. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची पूर्ण सुट्टी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. ही सुट्टी साहेबाच्या धर्माची म्हणून आज हिणवली जाते. पण ती कामगारांनी भांडून मिळवली आहे. कोणी तिच्यात चर्चला गेले, कोणी जेजुरीला, कोणी नुसते झोपले. लोखंडे सत्यशोधक होते. रविवार कोणत्या देवाचा, यापेक्षा तो कामगाराचा होतो की नाही याची त्यांना काळजी होती.

तिसरे, आणि इथे सोवळ्याला एक गोष्ट मान्य करायला हवी : काही नावे खरोखरच बदलावी लागतात. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पण त्याचे कारण त्या नावांचा उगम नव्हे. ती नावे आजही माणसाला पत्ता सांगताना खाली बघायला लावतात, हे कारण. जातीचे नाव घेऊन केलेल्या टवाळ म्हणींनाही हाच न्याय. ‘सोमवार’ म्हणताना कोणाचा अपमान होत नाही; जातीवरून हाक मारताना होतो. कसोटी आजच्या वापराची लावायची, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या जन्माची नाही.

हीच कसोटी सोसायटीच्या आवारात लावून पाहा. गुरुवारी ज्याला मांसाहार नको त्याने करू नये. त्याचा उपास त्याच्या ताटापुरता पवित्र आहे. ‘आज गुरुवार आहे’ एवढ्या नावाच्या जोरावर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराला नियम लावायला निघाला, तर त्याने व्रताचे नाव करून सर्वांवर लादले. शुक्रवारच्या नमाजासाठी तासभर मोकळीक मागणारा सहकारी नावावर हक्क सांगत नाही. तो स्वतःचे व्रत पाळतो, आणि त्याला ती मोकळीक मिळावी. ‘राम राम’ला ‘राम राम’ म्हणावे, ‘जय भीम’ला ‘जय भीम’, ‘सलाम’ला ‘सलाम’. यात कोणी कोणाचा धर्म घेत नाही, समोरच्याची दखल घेतो. आणि ज्याला यांतले एखादे म्हणायचे नसेल, त्याच्याकडून ते वदवून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. कारण जबरदस्तीने म्हणायला लावले की साधे अभिवादनही व्रत होऊन बसते, आणि तेही दुसऱ्याचे.