पतिपत्नीचे निवृत्तिवेतन : नाव केव्हा घालावे

सन 2019 च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान मानधन योजनेत दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यास वयाच्या साठीनंतर दरमहा 3,000 रुपये मिळावयाचे आहेत. शेतकऱ्याच्या हप्त्याइतकीच रक्कम केंद्र सरकारही भरते. नाव घालण्यास वयाची मर्यादा 18 ते 40 वर्षे. हे सारे गावोगाव सांगितले जाते. पत्नीसही स्वतंत्र हप्ता भरून स्वतंत्र निवृत्तिवेतन घेता येते, ही गोष्ट मात्र बहुधा शेवटी, वही मिटताना सांगितली जाते. ‘आधी कर्त्याचे होऊ द्या, घरच्यांचे पुढे पाहू’ हा विचार वरवर शहाणपणाचा वाटला, तरी हिशेबास उतरत नाही.

पती 38 वर्षांचा व पत्नी 32 वर्षांची आहे असे धरू. पतीचा हप्ता दरमहा 180 रुपये, पत्नीचा 120. पत्नीने आताच नाव घातल्यास 28 वर्षांत तिचे 40,320 रुपये जातील. तीही 38 ची होईपर्यंत थांबली, तर 22 वर्षांतच 47,520 रुपये भरावे लागतील आणि पदरात पडणार तेवढेच. आणखी दोनतीन वर्षे ढिलाई झाली की दार कायमचे बंद. आज दोघांचे मिळून वर्षाचे 3,600 रुपये होतात. किसान सन्मान निधीच्या 6,000 रुपयांतून ते परस्पर वळते करता येतात. एकाच हप्त्याची ऐपत असेल, तर चाळिशीला टेकलेल्याचे नाव आधी घालावे हे खरे. परंतु दुसऱ्याचे नाव पुढच्या सुगीपलीकडे लांबवू नये.

याहून नाजूक बाब वैधव्याची. निवृत्तिवेतन घेत असता पती वारल्यास पत्नीस त्याच्या निम्मे, म्हणजे 1,500 रुपये मिळतात; तेही ती स्वतः योजनेची लाभधारक नसेल तरच. स्वतःचे खाते असलेल्या स्त्रीस आपले 3,000 मिळतील, त्यावर निम्म्याची भर पडणार नाही. ही अट ग्रामसेवकाने आधीच उघड सांगावी. मागाहून कळल्यास फसवणूक झाली असे वाटते. तरीही स्वतंत्र खातेच श्रेयस्कर, कारण पत्नी बहुधा वयाने लहान असते व एकटेपणाची वर्षे तिच्याच वाट्यास अधिक येतात. रक्कम महागाईबरोबर वाढत नाही, हा योजनेचा उणेपणा होय. तिच्यावरच सारी भिस्त ठेवणे बरे नव्हे.

पुष्कळ स्त्रियांच्या आधारपत्रावर अंदाजाने 1 जानेवारी ही जन्मतारीख पडलेली असते, कधी वर्षही चुकलेले असते. अशी बाई कागदावर 41 वर्षांची ठरली, की तिला सेवा केंद्रावरून रिकाम्या हाती परतावे लागते. शाळेचा दाखला असल्यास तो काढून ही दुरुस्ती नोंदणीस जाण्यापूर्वीच करून घ्यावी.