कणगीतला उतारा

भातशेतीचा उतारा खळ्यावर मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. कापणी, झोडणी व उफणणी उरकून पोती घरात गेली की हंगाम संपला, असे शेतकरी मानतो. आणि त्याला सल्ला देणारेही बहुधा तेथेच थांबतात. लहान शेतकऱ्याच्या बाबतीत हा हिशेब अपुरा आहे. त्याचा खरा उतारा म्हणजे पुढच्या मृगाला कणगीत शिल्लक असलेले निरोगी धान्य होय.

मीरा-भाईंदर परिसरात ही गोष्ट विशेष जाणवते. २००२ साली येथे महानगरपालिका झाली. शेतीचे क्षेत्र त्याच्याही आधीपासून आकसत आले आहे. राई, मुर्धे, मोर्वे यांसारख्या गावांत जी शेती उरली आहे ती गुंठ्यांच्या मापाची. एका बाजूस खाडी व मिठागरे, दुसऱ्या बाजूस इमारती. अशा ठिकाणी जमीन वाढविणे शक्य नाही. पिकलेला दाणा वाया जाऊ न देणे, हाच येथील शेतकऱ्याच्या हातचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उत्पन्न वाढविण्याचे प्रयत्न या भागाला नवे नाहीत. शेजारच्या बोरिवलीतील कोरा केंद्रात जपानी भातशेतीचे प्रयोग झाले आणि १९५३ साली त्या पद्धतीची देशव्यापी मोहीम निघाली. गादीवाफ्यावरील रोपे, निवडक बियाणे, ओळीत लावणी व भरपूर खत ही तिची अंगे होती. पुढे चारसूत्री पद्धत आली. रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट ही तिची चार सूत्रे. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे वाण दिले. हे सारे मोलाचे आहे. परंतु या सर्वांचा आरंभ बियाण्यापासून होतो, आणि घरचे बियाणे राखणाऱ्याच्या शेतात ते कणगीतूनच येते.

याची साक्ष बादलीभर पाण्यात मिळते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकले असता पोचट व किडीने पोखरलेले हलके दाणे वर तरंगतात. गेल्या हंगामात साठवणीत झालेली हयगय या वेळी डोळ्यांसमोर येते. तरंगणारे दाणे काढून टाकावेत, तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवावे व मग त्यास शिफारस केलेले बुरशीनाशक चोळावे. असे चोळलेले बियाणे माणसांच्या वा जनावरांच्या खाण्यात कदापि येऊ देऊ नये. खाऱ्या जमिनीत दाण्याला क्षाराशी झगडत उगवावे लागते. त्यात तो किडका असेल तर रोप विरळ होणारच.

हानीचे मूळ ओलाव्यात आहे. कोकणात कापणीच्या वेळी हवा दमट असते आणि पुढे पावसाळ्याचे चार महिने कणगीला सोसावे लागतात. खाण्याच्या भातात चौदा टक्क्यांहून व बियाण्यात बारा टक्क्यांहून अधिक ओलावा राहू नये. दाताखाली दाणा चेपला न जाता कट्‌कन फुटला म्हणजे तो वाळला, ही जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे. सोंडकिड्याची मादी दाण्यात भोक पाडून अंडे घालते व भोक बुजवून टाकते. त्यामुळे कीड दिसू लागेपर्यंत दाणा आतून पोकळ झालेला असतो. म्हणून उपाय भरण्यापूर्वीच हवा. भात उन्हात वाळवून, थंड झाल्यावर भरावे. कणगीच्या भेगा शेणमातीने लिंपाव्यात. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून सुकवावीत. थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावी. बियाण्यासाठी घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी किंवा हवाबंद पिशवी उत्तम. धुरी देण्याच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात वापरू नयेत. त्यांचा वायू माणसाचा प्राण घेतो.

रेशनचा तांदूळ व दुकानचे बियाणे मिळत असता एवढी यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु दुकानात मिळणारे प्रत्येक वाण खाऱ्या शेताला मानवेलच असे नाही. सुधारित वाणाचे शुद्ध बियाणे एकदा आणले की नीट राखून तीन-चार वर्षे वापरता येते. संकरित वाणाचे मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते. दहा पोत्यांतील एक पोते किडीने नेले, तर त्या शेतकऱ्याच्या जमिनीचा दहावा हिस्सा व्यर्थ कसला गेला, असाच त्याचा अर्थ.

विस्तारकार्याने यातून एक बोध घ्यावा. पीकप्रात्यक्षिक बांधावर होते व तेथे बहुधा पुरुष जमतात. धान्य वाळवणे, पाखडणे व राखणे हे काम घरोघर स्त्रिया करतात. तेव्हा साठवणीचे प्रात्यक्षिक अंगणात व्हावे आणि ते गृहिणीच्या सोयीच्या वेळी व्हावे. कापणीनंतर मोजलेला उतारा मृगापूर्वी कणगीपाशी पुन्हा मोजावा. या दोन आकड्यांतील अंतर कमी होईल, त्या वर्षी शेतकऱ्याचे उत्पन्न खरोखर वाढले असे म्हणता येईल.