दिवाळीपर्यंतचा फुटबॉल

‘आयएसएल सुरू झाली का?’ गेल्या वर्षी जुलैपासून हा प्रश्न आम्ही इतक्यांना विचारला की घरचे हसू लागले. तोरणमाळला मोबाइलची रेंज धड नसते, त्यामुळे बातमी शहाद्याला उतरल्यावरच पक्की कळायची. जुलै २०२५ मध्ये आयोजक कंपनीने हंगाम थांबवल्याचे कळवले, कारण फुटबॉल महासंघाशी असलेल्या कराराची मुदत संपत आली होती आणि नवा करार झालेला नव्हता. कोट्यवधींचे संघ हात बांधून बसले. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ ला लीग सुरू झाली, तीही एकेरी फेरीची. हंगाम म्हणजे आधी कागद असतो आणि मग चेंडू, हे आम्हांला तेव्हा नीट कळले.

कोल्हापूरकरांचे मात्र बरे आहे. तिथला फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे तिथे शाळकरी पोरालाही पाठ असतात. थंडी पडली की शाहू स्टेडियम भरते. पेठ तीच, तालीम तीच, म्हणून हंगामही ठरलेला. भांडणे होतात, कधी हाणामारीही होते, ती काही कौतुकाची गोष्ट नाही. पण हंगाम आपला आहे, हे त्यांना माहीत असते.

आमच्या पठारावरचा हंगाम याहून वेगळा आहे. तो जूनमध्ये शाळा उघडली की सुरू होतो आणि दिवाळीला संपतो. या दिवसांत धुके असे उतरते की गोलरक्षकाला चेंडू दिसण्याआधी ऐकू येतो. खाली चिखल आणि मुले अनवाणी. सामन्यांना तालुक्याला जायचे तेही पावसातच, घाटात दरड कोसळलेली नसेल तर. दिवाळीनंतर मैदान वाळते, हवा छान होते, खेळायचे खरे दिवस येतात, आणि निम्मा संघ गावात नसतो. मुकादमाची उचल घेतलेली असते. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि धाकट्यांना सांभाळायला मोठी पोरे सोबत नेतात. आमचा डावा बचावपटू असाच गेला. त्याच्या वडिलांना आम्ही म्हटले, “दादा, याला वसतिगृहात ठेवा की.” ते म्हणाले, “गुरुजी, फडात लहानीला कोण बघेल?” आम्ही गप्प बसलो.

मग उरतात ते चिखलाचे चार-पाच महिने. ते तरी नीट खेळता यावेत, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्या घरांत फुटबॉलचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांच्या तोंडी मोहम्मडन स्पोर्टिंगचे नाव येतेच. २०२४-२५ मध्ये हा क्लब पहिल्यांदा आयएसएल खेळला आणि तेरा संघांत तेरावा आला. नावाखातर जीव लावणाऱ्यांचे मन आम्ही जाणतो. पण १९३४ मध्ये हा संघ नावावर जिंकला नव्हता. कलकत्त्याची लीग पावसाळ्यात चाले. आपले खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर ते गोऱ्या पलटणींच्या संघांना भारी पडत, पण पाऊस आला की घसरत. मोहम्मडनने देशभरातून खेळाडू जमवले आणि ओल्या मैदानासाठी पायांत बूट चढवले. वरच्या गटात आल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी लीग जिंकली. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ. त्यानंतर १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ती त्यांच्याकडेच राहिली. गुणवत्ता होतीच, पण चिखलाचा विचार आधी कोणीतरी केला होता.

(भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवून देणारे हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम साहेब मुळात शाळामास्तर होते. मैदानावर फार वेळ जातो, असे कोणी म्हटले की आम्ही हे हटकून सांगतो.)

आमच्याकडे सध्या बुटांचे सात जोड आहेत, तेही नातेवाइकांच्या मुलांचे जुने. ते शाळेत राहतात. ज्याच्या पायाला बसतील तो त्या दिवशी घालतो. मध्यंतराला बूट काढून दुसऱ्याला द्यायचे, असा आमचा नियम. मुलींचाही संघ आहे आणि त्यांचा नंबर बुटांच्या बाबतीत शेवटी लागतो, हे आम्हांला पटत नाही. म्हणून मंगळवार-शुक्रवार बूट त्यांचे, असे ठरवून दिले. मुलांनी कुरकुर केली, नंतर गप्प झाली.

वाचक भगिनी-बंधूंनो, धुळे, मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, कुठेही असा, मुलगा वाढीला लागला की वर्षभरात बूट लहान होतात आणि कपाटावर जाऊन पडतात. ते भंगारात देण्याआधी जवळपासची एखादी शाळा शोधा. आमचीच हवी असे नाही. खिळे झिजले असले तरी चालेल, तळ उकललेला नसावा. पाच आणि सहा नंबरचे जास्त लागतात, मुलींना चारचेही होतात. आणि मृग लागायच्या आत पोहोचले पाहिजेत.