आदत बैलाचे दात बघता, तसं इंजिनाचं सील बघा! स्वस्तातली शर्यतीची गाडी खरंच परवडंल का?

आटपाडी : गेल्या महिन्यात डाळिंबाचं औषध आणायला तालुक्याला गेलो होतो. परतताना ओळखीच्या गॅरेजवर चहाला थांबलो. मागच्या बाजूला एक जुनी मारुती ८०० उभी होती. काचा काढलेल्या, मागचं सीट गायब, आत पाईप आडवा-उभा जोडायचं काम चाललेलं. चार-पाच पोरं भोवती. म्हटलं हे काय? तर म्हणाली, "अण्णा, अमेरिकेत मातीच्या मैदानावर जुन्या गाड्या पळवत्यात, तसं आपल्याकडं सुरू करायचं. सगळ्यांनी मारुतीच आणायची. लाखाच्या आत शर्यतीची गाडी. बातमी लावा."

बातमी लावण्याआधी म्हटलं जरा हिशोब तपासू. कारण हीच पोरं रात्री दहानंतर नव्या रस्त्यावर जोडीनं गाड्या सोडतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी बोलत नाही एवढंच.

गाडी स्वस्त, जीव वाचवायचं सामान महाग

मेस्त्रीचा तोंडी अंदाज असा. चालू स्थितीतली जुनी मारुती तीस-पस्तीस हजार. आतला पाईपचा पिंजरा, म्हणजे रोल केज, वेल्डिंगसकट पंचवीस-तीस हजार. शर्यतीचं सीट, खांद्यावरून येणारा पट्टा, चारचाकीच्या शर्यतीचं हेल्मेट, आग विझवायचा सिलिंडर हे सगळं धरून आणखी तेवढेच किंवा जास्त. म्हणजे लाखात बसते, पण गाडीपेक्षा सुरक्षेला जास्त पैसे लागतात. आणि पोरं काटकसर करणार ती नेमकी तिथंच. घरातलं मोटारसायकलचं हेल्मेट चालंल, पाईप पत्र्याच्या शेडचा उरलाय तोच लावू. इथंच घोळ आहे.

अमेरिकेत स्वस्त गाड्यांची एक शर्यत २००६ पासून चालते. तिथं गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत पाहिजे असा नियम ठेवला. पण पिंजरा, पट्टा, सीट असलं सुरक्षेचं सामान त्या ५०० डॉलरमध्ये धरत नाहीत. गाडी भंगार चालंल, पिंजरा भंगार चालणार नाही. आपल्याकडं कुणी असा गट काढला तर पहिल्या कागदावर पहिली ओळ हीच पाहिजे.

हातभट्टीच्या गाडीची गोष्ट

'स्टॉक कार' म्हणजे दुकानातून आली तशी गाडी. अमेरिकेत या शर्यती चालवणारी नॅसकार नावाची मोठी संस्था आहे. तिची 'आली तशीच गाडी' या गटातली पहिली शर्यत १९ जून १९४९ ला शार्लट गावच्या मातीच्या ट्रॅकवर झाली. ग्लेन डनअवे नावाचा गडी पहिला आला. शर्यत झाल्यावर गाडी तपासली तर मागचे पाटे बदललेले निघाले. ती गाडी चोरट्या दारूच्या वाहतुकीची होती. डिकीत माल भरला तरी मागून बसू नये आणि वळणावर पळावी म्हणून पाटे तसे केलेले. त्याचा नंबर काढून घेतला आणि दुसऱ्या आलेल्या जिम रोपरला विजेता केलं. गाडीमालक कोर्टात गेला, पण तिथंही हरला.

ही गोष्ट सांगायचं कारण, स्वस्त शर्यत स्वस्त राहते ती शर्यतीनंतरच्या तपासणीमुळं. पहिल्या दिवशी 'ओळखीचा आहे, जाऊ द्या' म्हटलं असतं तर पुढच्या शर्यतीला सगळ्यांनीच पाटे बदलले असते.

पैसेवाल्याला आवरायचं कसं?

बैलगाडीवाल्यांना हे समजवायची गरज नाही. आपल्या मैदानात आदतचा गट वेगळा का ठेवतात? ओपनच्या नावाजलेल्या बैलापुढं गरिबाचं खोंड टिकणार नाही म्हणून. आणि आदतमध्ये घेताना दात बघतात, मालकाच्या तोंडावर विश्वास ठेवत नाहीत. तरीसुद्धा काय झालं बघा. बक्षिसं वाढत गेली, सांगली जिल्ह्यात २०२३ मध्ये पहिल्या नंबराला थार गाडी लागली. बैलांच्या किमती लाखांच्या पुढं गेल्या. हौसेचा खेळ होता, तो आता भांडवलाचा होत चाललाय.

गाड्यांच्या शर्यतीत हे आणखी लवकर होतं. इंजिनावर जितका पैसा ओताल तितकी गाडी पळते. यावर अमेरिकेतल्या गावाकडच्या ट्रॅकवाल्यांनी दोन तोडगे काढले.

पहिला तोडगा आयोवा राज्यातला. हा मक्याचा पट्टा, शेतकऱ्यांचाच मुलुख. तिथं १९७९ मध्ये आयएमसीए या जुन्या संस्थेनं 'मॉडिफाइड' नावाचा स्वस्त गट सुरू केला. नियम असा, की जिंकणाऱ्याचं इंजिन हरलेला माणूस ठरलेल्या कमी किमतीत मागू शकतो आणि जिंकलेल्यानं ते द्यायचं. म्हणजे दहापट पैसे घालून इंजिन बनवलं तर ते कवडीमोलानं शेजाऱ्याच्या घरी जाणार. मग कोण कशाला घालतंय?

दुसरा तोडगा सीलबंद इंजिनाचा. कंपनीकडून सगळ्यांना सारखंच इंजिन येतं, त्याला खास सील केलेले बोल्ट. सील तुटलेलं दिसलं की गडी बाद. आपल्या दात बघण्यासारखंच हे.

मारुती ८०० ला हे जमण्यासारखं आहे. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, २०१४ पर्यंत गाडी निघत होती, सुटे भाग अजून मिळतात, कुठलाही मेस्त्री खोलू शकतो. टायर सगळ्यांना एकाच जातीचे ठरवून द्यायचे. तारेत शिसं ओवून सील मारायचं, मीटरला मारतात तसं.

आपल्या देशात झालंय हे

कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन बसवून एका सीटच्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या होत्या. 'फॉर्म्युला मारुती' म्हणत. फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन सुरुवातीला हीच गाडी चालवत होता. आपल्या शेजारी कोल्हापुरात गो-कार्टचा ट्रॅक आहे, तिथली पोरं पुढं देशपातळीवर गेलीत. म्हणजे मारुतीच्या इंजिनाला हसू नका.

खरा प्रश्न जागेचा आणि परवानगीचा

शाळेच्या ४०० मीटरच्या धावपट्टीएवढा गोल करायचा म्हटलं तरी चार-पाच एकर सपाट जागा लागते. माळरान आपल्याकडं आहे. पण बघणारी माणसं कुठं उभी राहणार? बैलगाडीच्या मैदानात आपण फाटीला चिकटून उभं राहतो, पोरं खांद्यावर घेतो. सहा-सातशे किलोची गाडी वळणावर सुटली तर तिला कासरा नाही. मातीचा उंच बांध, त्यामागं मोकळी जागा, मग माणसं. अँब्युलन्स आली नसंल तर शर्यत सुरू करायची नाही.

मोठमोठ्या गड्यांनाही हा खेळ सोडत नाही. सात वेळचा विजेता डेल अर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ ला शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. त्यानंतर त्याच वर्षी मान सांभाळणारं साधन सक्तीचं झालं. शहाणपण माणूस गेल्यावर आलं.

कायद्याचं सांगायचं तर सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर कैद वर्षापर्यंत. बंद मैदानात करायचं तर मोटार खेळांची देशातली संस्था एफएमएससीआय आहे, तिच्या नियमानं जावं लागंल. शिवाय पोलीस, महसूल आणि विमा.

बैलगाडीचंही असंच होतं. २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली, २०१७ ला राज्यानं कायदा केला, डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. नियम आले म्हणून खेळ टिकला.

मग करायचं काय?

माझं मत विचाराल तर पोरांना हाकलू नका. ती रात्री रस्त्यावर पळवणारच आहेत, समोरून उसाची ट्रॉली बिनालाईटची येते तिथं. त्यापेक्षा माळावर, दिवसा, पिंजऱ्यात बसून पळवलेली बरी. पण क्रम उलटा नको. आधी नियमाचा कागद, मग जागा आणि परवानगी, मग गाड्या. बक्षीस म्हणून ढाल आणि फेटा द्या, लाखाची रक्कम नको. रक्कम आली की सील तुटणार, आणि पोरगं बापाला म्हणणार, अर्धा एकर काढा.

गॅरेजवर परत गेलो तेव्हा मेस्त्रीला एकच विचारलं, पाईप कुठला आणलाय? तो हसला. शेडचा होता. पोरांनी तो कापून काढलाय, एवढी बातमी आज लावतोय. नवा पाईप आणि परवानगीचा कागद आला की पुढची लावू.