फ्लॅटला ढाल चालते, वारल्याची ढाल खुपते?

ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक येते आहे. आता पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यात जमिनीत पैसा लावणारे म्हणतात, कायदे फार आडवे येतात.

कोणते कायदे? महारेरा त्यांना चालतो. २०१७ पासून ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेतले ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताबा लांबला तर व्याज द्यावे लागते. तिथे नियम म्हणजे संरक्षण! मग महसूल संहितेचे कलम ३६अ तेवढे अडथळा कसे? आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, विक्रीला शासनाची मान्यताही हवी, असे १९७४ पासून हे कलम सांगते. तेही संरक्षणच आहे, फक्त वारली शेतकऱ्याचे.

२०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींच्या जमिनी खासगी लोकांना भाड्याने देणे सोपे करण्याची घोषणा केली. म्हणे, मालकी शेतकऱ्याचीच राहील. सातबाऱ्यावर नाव आत आणि माणूस कुंपणाबाहेर, ही कसली मालकी?

कसणारा एक आणि हुकूम चालवणारा दुसरा, ही कोकणातली खोती मोडायला बाबासाहेबांनी १९३७ मध्ये विधेयक मांडले होते. ती भाडेकराराच्या कागदावरून परत येऊ द्यायची का?

तरुणांनो, ‘हा आदिवासींचा प्रश्न’ म्हणून बाजूला होऊ नका. ३६अ वाचा. पाड्यावर जा, सहीआधी करार वाचून दाखवा. पेसा गावांत हा विषय ग्रामसभेपुढे आणा.

जय भीम!