टाकी लिटरवर नव्हे, वजनावर बांधा

उन्हाळा लागला की देवळा परिसरात पाण्याच्या टाक्यांची कामे निघतात. गवंडी, वेल्डर, प्लंबर या धंद्यांत आपले बांधव आहेत. गिऱ्हाईक विचारते, "किती लिटरची? कितीला?" आपणही तेवढेच सांगून मोकळे होतो. आमच्या मते हा हिशेब अपुरा आहे.

एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. पाच हजार लिटरची टाकी गच्चीवर चढवली की घरावर पाच टन आले. हा भार खालच्या भिंतीवर किंवा तुळईवर उतरला पाहिजे, स्लॅबच्या मधोमध नव्हे. पाण्याचा दाबही खोलीबरोबर वाढतो. तीन मीटर खोल टाकीच्या तळाशी दर चौरस मीटरला तीन टन दाब असतो. म्हणून गोल टाकीत आडव्या कड्या खाली दाट व वर विरळ लागतात. सगळीकडे एकाच अंतराने सळई बांधणारा वर लोखंड वाया घालवतो, नाही तर खाली धोका ठेवतो.

पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आय.एस. ३३७० हे वेगळे मानक आहे. त्याच्या २००९ च्या आवृत्तीने सळईच्या काँक्रीटला किमान एम-३० दर्जा सांगितला. माल पातळ केला की ओतायला सोपा जातो, पण जादा पाणी उडून मागे छिद्रे राहतात. त्यातूनच गळती व गंज सुरू होतो. क्युरिंगमध्ये घाई केली तरी तेच.

"शेजारचा कमी घेतो," असे गिऱ्हाईक म्हणेल. तेव्हा सळई कापून भाव जुळवण्यापेक्षा काम सोडावे. मापात मारणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे. प्लास्टरखाली झाकलेली सळई हेही मापच आहे, आणि तिथे मारलेल्या मापाखाली कुणाची तरी मुले झोपतात.

पाण्याचे काम आपल्याला परके नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर आणली. मशिदीचे हौजही कारागिरांनीच बांधले.

तेव्हा बांधवांनो, एस्टिमेट लेखी द्या. त्यात सळईची जाडी व अंतर, मालाचे प्रमाण, क्युरिंगचे दिवस आणि स्टँड किती टनांचा, हे लिहा. मोठ्या टाकीला इंजिनिअरचा नकाशा घ्या. दोन कामे हातची जातील, पण तिसरे गिऱ्हाईक नाव विचारत येईल. रोजी हलाल ठेवायची तर लोखंडही पुरते घातले पाहिजे.